दीड फुटाचा काँग आणि पोळ्याचा बैल

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेचा आहे. त्या आठवी-नववीच्या मुलांना शनिवारी जुने सिनेमे दाखवतात. गेल्या शनिवारी अजस्र वानराचा १९३३ चा 'किंग काँग' लावला, मुलं खदखदून हसली, आणि शेवटी तो अर्ध्यात बंद करावा लागला. जुनी कार्टून, राक्षसांचे सिनेमे आणि त्यांची नक्कल करणारे विनोदी सिनेमे असा महिनाभराचा कार्यक्रम त्यांनी आखलाय. क्रम काय ठेवावा, आणि मुलांना हसू द्यावं का, असं त्या विचारतात.

मॅडम, हसू द्या. हसणारं पोरगं पडद्याकडं बघत असतं. मुलं आपसात गप्पा मारायला लागली, एकामागून एक पाण्याला उठायला लागली, तर मशीन बंद करा. हसली म्हणून करू नका. मी आधी तंबू टॉकीजला ऑपरेटर होतो, माळेगावच्या यात्रेपासून खेड्यापाड्यातल्या उरुसांपर्यंत रिळांच्या पेट्या घेऊन हिंडलो. गेली वीसएक वर्षं लातूर, परभणी, नांदेडकडच्या शाळांत पडदा लावतो. खाली लिहिलंय ते त्या कामातून आलेलं आहे.

क्रमाचं आधी सांगतो. कार्टून, राक्षस आणि विडंबन या तीन वेगळ्या पेट्या आहेत असं तुम्ही धरलंय. पहिल्या दोन पेट्या एकच आहेत. विन्सर मॅके नावाच्या चित्रकारानं १९१४ मध्ये 'गर्टी' नावाची डायनोसोर कागदावर काढली, हजारो चित्रं, प्रत्येक चित्र हातानं. रंगमंचावर तो स्वतः चाबूक घेऊन उभा राहायचा आणि पडद्यावरल्या गर्टीला हुकूम सोडायचा. ती पाय उचलायची, रागावल्यावर रडायची. तो सफरचंद तिच्याकडं टाकल्यासारखं करायचा आणि पडद्यावर ती ते गट्टम करायची. शेवटी तो पडद्यामागं जायचा आणि चित्रातला मॅके तिच्या पाठीवर बसून निघून जायचा. म्हणजे कार्टूनमधलं पहिलं जीव लावणारं जनावर डायनोसोरच होतं. पुढच्याच वर्षी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फोटोला सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. कागदावरलं चित्र असो, आगकाडी असो की काँगचा बाहुला, काम तेच: थोडं हलवा, एक फोटो घ्या, परत थोडं हलवा. हे मुलांच्या हाताला कळलं की हसण्याची जात बदलते.

काँगचा बाहुला साधारण अठरा इंचांचा, म्हणजे दीड फुटाचा. आत सांध्यासांध्यांचा धातूचा सांगाडा, वर सशाची कातडी. विलिस ओब्रायन आणि त्याच्या माणसांनी तो फोटोफोटोला बोटांनी हलवला. एका खेळाला आठवीतलं एक पोरगं मध्येच उभं राहून म्हणालं, "सर, त्याचे केसं कामून हलायलेत? वारं तर नाय." सगळा वर्ग हसला. मी सिनेमा थांबवला आणि त्याला म्हणालो, तू पकडलंस. माणसानं बाहुल्याला हात लावला की बोटांनी केस दबतात, पुढच्या फोटोत दुसरीकडं दबतात, म्हणून पडद्यावर सगळं अंग सळसळतं. तुला दिसतंय ते वारं नाही, नव्वद वर्षांमागच्या माणसाची बोटं आहेत. त्यानंतर काँग उंच इमारतीवर चढेपर्यंत पोरं केसांकडं बघत होती आणि विमानं आल्यावर एकही हसलं नाही. ते पोरगं तर खेळ संपल्यावर पडद्याला हात लावून आलं.

तर पहिल्या शनिवारी सिनेमा लावूच नका. मुलांना मातीचा बैल करायला सांगा, पोळ्याला करतात तसाच. टेबलावर ठेवा, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीत घट्ट अडकवा आणि स्टॉप मोशनचं एखादं फुकटचं ॲप घ्या. सेकंदाला बारा फोटो पुरतात. बैल दोन सेकंद चालवायचा तर चोवीस फोटो, प्रत्येक फोटोआधी पाय नखभर पुढं. वर्गाला यात सगळा तास जातो. कुणाचा तरी हात चौकटीत राहतो, कुणी टेबल हलवतं, परत पहिल्यापासून. आणि मग बैल दोन पावलं चालतो तेव्हा जो आवाज वर्गातून उठतो, तो एकदा ऐका. त्यानंतर फळ्यावर हिशेब मांडा: सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी पळतो, म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रं. काँग चार मिनिटं लढला तर किती? पोरं गुणाकार करून गप्प होतात.

दुसऱ्या शनिवारी दोन छोटे तुकडे एकापाठी एक लावा. डिस्नेचा १९२९ चा 'स्केलेटन डान्स' पाच-सहा मिनिटांचा आहे. स्मशानात सापळे उठून नाचतात, एक सापळा दुसऱ्याची हाडं काढून वाजवतो. शब्द एकही नाही, म्हणून आपल्या पोरांना इंग्रजीची अडचण नाही. ते मनमुराद हसतील. लगेच १९६३ च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'मधली लढाई लावा. जमिनीतून सात सापळे उगवतात आणि तीन जिवंत माणसांशी तलवारीनं लढतात. रे हॅरीहाउसेननं ही काही मिनिटांची लढाई एकट्यानं हलवली, चार महिन्यांहून जास्त वेळ लागला. तेच सापळे, तीच एकेक फोटोची युक्ती, पण वर्गात शांतता पसरते. हा हॅरीहाउसेन तेरा वर्षांचा असताना 'किंग काँग' बघून बाहेर पडला आणि जन्मभर हेच काम करत राहिला. तुमच्या वर्गातली पोरं त्याच वयाची आहेत, हे त्यांना जरूर सांगा.

आता पडद्याचं बोलतो, कारण निम्मं हसू तिथून येतं. जुना सिनेमा चौकोनाच्या जवळपास असतो, आजचे टीव्ही नि प्रोजेक्टर लांबट. लांबट पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं की काँग बसका आणि नायिका जाडी दिसते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय चालू असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ती मधली खोटी चित्रं भरते आणि बाहुल्याची चाल नासते. मागाहून रंग भरलेली आवृत्ती घेऊ नका. मूकपट असेल आणि माणसं मुंग्यांसारखी पळत असतील, तर तो चुकीच्या वेगानं उतरवलेला आहे. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे आणि वेग बहुतेक सोळा ते वीस चित्रांच्या आसपास असायचा. दुसरी आवृत्ती शोधा. आणि अंधार करा. पत्र्याच्या वर्गात दुपारी राक्षस दाखवला तर तो मरतोच. खिडक्यांना घोंगड्या बांधा, काळी घोंगडी खिडकीच्या पडद्यापेक्षा जास्त उजेड खाते. जमलं तर हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर खेळ लावा. आवाजासाठी वेगळा स्पीकर आणा. राक्षसाचं निम्मं वजन आवाजात असतं.

तिसऱ्या शनिवारी राक्षस. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मुलांना या सिनेमांतून सगळ्यात जास्त मिळतं ते इथंच.

१९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये एक छोटा प्रसंग आहे. तळ्याकाठी एक लहान मुलगी खेळतेय. तिला राक्षसाची भीती वाटत नाही. ती त्याला फुलं देते, दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. बोरिस कार्लोफचा राक्षस त्या सबंध सिनेमात तिथंच मनापासून हसतो. मग फुलं संपतात. तो आपल्या रिकाम्या हातांकडं बघतो, मुलीकडं बघतो, आणि तीही तरंगेल असं वाटून तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो घाबरून पळतो. त्या काळात हा तुकडा कापला गेला. राक्षस मुलीकडं हात करतो एवढ्यावर चित्र तुटायचं आणि पुढं एकदम बाप तिचं प्रेत घेऊन गावात येताना दिसायचा. लोकांनी मधलं काय काय कल्पून घेतलं असेल! वाचवायला म्हणून कापलं आणि राक्षस आणखी वाईट करून ठेवला. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तुमच्याकडची आवृत्ती पूर्ण आहे ना, आधी बघून घ्या. गोदावरीकाठच्या एका शाळेत मी हा प्रसंग दाखवला. ती पोरं नदीत पानांवर दिवे सोडतच वाढलेली. खेळ संपल्यावर एक मुलगी एवढंच म्हणाली, "त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, सर." मी त्यात काही भर घातली नाही. तुम्हीही घालू नका.

दुसरा राक्षस जपानचा, १९५४ चा 'गोजिरा', ज्याला जग गॉडझिला म्हणतं. हा बाहुला नाही. रबरी पोशाखात माणूस आहे, आणि सुरुवातीचा पोशाख शंभर किलोच्या आसपास होता. आतला हारुओ नाकाजिमा घामानं निथळायचा. कॅमेरा जास्त वेगानं फिरवून चित्र नेहमीच्या वेगानं दाखवलं की हालचाल संथ होते आणि अंगाला डोंगराचं वजन येतं, एवढी साधी त्याची युक्ती. त्याची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबेनं काढली: मोठ्या व्हायोलिनसारख्या डबल बेसची तार सैल केली आणि राळ लावलेला कातडी हातमोजा तिच्यावरून घासला. हे सांगितलं की पोरं घरी जाऊन ढोलकीच्या कातड्यावर बोटं घासून बघतात.

पण 'गोजिरा' गंमत म्हणून लावू नका. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला आणि त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस माणसं होती, त्यातला एक जण सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरात सिनेमा आला, आणि त्याची सुरुवातच समुद्रात नाहीशा होणाऱ्या बोटीनं होते. राक्षस निघून गेल्यावर दवाखान्यात जमिनीवर पडलेली माणसं, आईच्या अंगाला बिलगलेली पोरं, आणि शाळकरी मुलींनी म्हटलेली शांततेची प्रार्थना. हिरोशिमाला तेव्हा नऊच वर्षं झाली होती. हे सांगून मगच लावा.

हा खेळ मी एकदा औसा तालुक्यात लावला होता, किल्लारीपासून फार लांब नाही. शाळेचा म्हणून लावला, पण गावातली मोठी माणसंही मागं येऊन बसली. दवाखान्याचा प्रसंग आला तसा मागून कुजबुजण्याचा आवाजही बंद झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची ती पहाट, गणपती विसर्जनाची रात्र उलटलेली, तिथं कुणाला सांगावी लागत नाही. खेळ संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. म्हणाले, "ह्ये जनावर नाय. ह्ये त्या पहाटंचं हाय." आणि मशीनच्या कडेला बसून त्यांनी त्या पहाटेचं सगळं सांगितलं, घरातली कोण कुठं झोपली होती तिथपासून. मी रिळं भरायची सोडून ऐकत बसलो. राक्षसाचा सिनेमा लोक का करतात, हे मला त्या रात्रीपेक्षा चांगलं कुणी समजावलेलं नाही. जे तोंडानं बोलवत नाही, त्याला पाय, शेपूट आणि आवाज देऊन समोर उभं करतात.

शाळेची सहल अजिंठ्याला जात असेल तर हे तिथं पुढं नेता येईल. सव्वीस नंबरच्या लेण्यात बुद्धावर चालून आलेली माराची फौज कोरलीय, विद्रूप तोंडांची, शस्त्रं उगारलेली, आणि मधोमध बुद्ध स्वस्थ बसलेले. सतरा नंबरात सिंहल अवदानातल्या राक्षसिणी आहेत, ज्या सुंदर बाया होऊन येतात आणि व्यापाऱ्यांना खातात. मराठवाड्यातल्या पोरांना राक्षसाचं चित्र परदेशातून आणावं लागत नाही, एवढं त्यांना तिथं उभं राहून कळावं.

चौथा शनिवार विडंबनाचा, आणि तो चौथाच असू द्या. मी एकदा उलटं केलं होतं. हलकंफुलकं आधी म्हणून १९४८ चा 'अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' पहिल्या दिवशी लावला. दोन विनोदी हमाल, त्यांच्या मागं ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. हॉल शांत. पोरांनी मूळ राक्षस पाहिलेलाच नव्हता, हसणार कशाला? तोच सिनेमा महिनाभरानं, मूळ सिनेमे दाखवल्यावर त्याच शाळेत लावला, तर पोरं बाकांवर उभी राहिली.

हे आपल्याला नवं नाही. तमाशाच्या गवळणीत मावशी आणि पेंद्या जी धमाल उडवतात ती रंगते, कारण समोरच्या प्रत्येकाला कृष्णाची गोष्ट पाठ असते. पैठणला एकनाथांनी विंचू उतरवणाऱ्याचा सगळा साचा घेतला, उतारा घेतला, अंगारा घेतला, आणि अंगारा मात्र सत्त्वगुणाचा लावायला सांगितला. ज्यानं कधी अंगारा लावून घेतला नाही, त्याला त्यातली अर्धी चव कळणार नाही. मूळ माहीत असणं ही विडंबनाची पहिली अट आहे. मुलांना हे समजवायला भारुडाइतकं चांगलं काही नाही. गावात भारुड म्हणणारं कुणी असेल तर त्या शनिवारी बोलवाच.

दुसरी अट त्या १९४८ च्या सिनेमात स्वच्छ दिसते. बेला लुगोसीनं १९३१ मध्ये ज्या गांभीर्यानं ड्रॅक्युला केला, त्याच गांभीर्यानं तो इथंही करतो. विनोद दोघं हमाल करतात, राक्षस नाही. राक्षसच डोळा मारायला लागला की भीती जाते आणि मागोमाग विनोदही जातो. 'झपाटलेला' १९९३ चा, आणि अजून पोरांना तोंडपाठ आहे, तो याच कारणानं. रामदास पाध्यांचा तो बाहुला खरोखर जीव घ्यायला निघालेला असतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे खरोखर घाबरलेला असतो. १९८० चा 'एअरप्लेन!' हाही याच जातीचा. त्याच्या कर्त्यांनी १९५७ च्या एका गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले, गंभीर भूमिकांसाठी ओळखले जाणारे नट घेतले आणि त्यांना चेहरा जराही न हलवता बोलायला लावलं. मेल ब्रुक्सनं १९७४ च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'साठी तर १९३१ च्या प्रयोगशाळेतली मूळ यंत्रं शोधून आणली आणि सिनेमा कृष्णधवल ठेवला. टवाळी करायला इतका खटाटोप कुणी करत नाही. त्याला मूळ सिनेमा मनापासून आवडत होता. हे दोन्ही तुम्ही जरूर बघा, पण त्यात मोठ्यांचे विनोद बरेच आहेत, आठवीच्या वर्गात लावू नका.

आमच्या तंबूत रामसे बंधूंचा १९८४ चा 'पुराना मंदिर' लागायचा. भुताच्या मध्येच जगदीपची 'शोले'ची नक्कल यायची. बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या असायच्या आणि पाचव्या मिनिटाला त्याच पदरानं हसून डोळे पुसायच्या. भीती आणि हसू शेजारी शेजारी राहतात, हे तंबूतल्या प्रेक्षकाला कुणी शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आधी एकट्यानं सिनेमा बघून ठरवा. जुन्या सिनेमांत कुणाकुणाची वाईट थट्टा केलेली असते. 'किंग काँग'मधले बेटावरचे लोक, जुन्या 'टॉम अँड जेरी'मधली काळी मोलकरीण, ही चित्रं ज्यांच्यावरून काढली त्यांना अपमानाची होती. असे भाग लपवू नका, पण न बोलता पुढंही जाऊ नका. मुलांना हे पटकन कळतं, कारण त्यांचंही कुणीतरी सोंग काढलेलं असतं. आपल्याकडचं "कामून", "करायलाव" पडद्यावर बहुतेक वेळा हशा पिकवायलाच येतं, हे त्यांनी ऐकलेलं आहे. नक्कल कुणाची चाललीय, बळकटाची की आधीच दाबलेल्याची, हे त्यांनाच विचारा. माझ्या अनुभवात या एका प्रश्नावर तासभर चर्चा चालते.

कायद्याचं थोडक्यात: शाळेच्या कामाचा भाग म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी जोडलेल्या लोकांसमोर सिनेमा दाखवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. औशाला मी केलं तसं सगळ्या गावाला आत घेतलं की ती सूट उरत नाही. खुला खेळ लावायचा तर आधी हक्काचं बघा. आपल्याकडं सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो.

आणि बैलाचं राहिलं. शेतातली काळी माती घेऊ नका. दिव्याखाली ती तासाभरात सुकते आणि भेगाळते, विसाव्या फोटोपर्यंत वशिंड उकलतं. स्टेशनरीच्या दुकानात न वाळणारी रंगीत क्ले मिळते, ती घ्या. पायांत पातळ तांब्याची तार घाला आणि खुराखाली थोडी टोचून टेबलावरल्या थर्माकोलात रोवा, नाहीतर तिसऱ्याच फोटोला बैल बसतो. काँगच्या आत धातूचा सांगाडा का होता, हे त्या वेळी तुम्हाला सांगावं लागणार नाही.